मेयरसाहेबांची पडवी

बहरीनला मनामातल्या आमच्या घरात बैठकीच्या भिंतीवर दोनच वस्तू टांगलेल्या होत्या. एक मक्केच्या चित्राचं कॅलेंडर आणि दुसरी माझी बी.ए.ची पदवी. पदवी सोनेरी चौकटीत होती. सूकमधल्या, म्हणजे तिथल्या बाजारातल्या, फ्रेमवाल्याकडून अब्बांनी ती चौकट बदलून आणली होती, कारण आधीची त्यांना "लग्नाच्या फोटोसारखी" वाटली. घरात नवा माणूस आला की अब्बा त्याला मुद्दाम त्या भिंतीसमोरच्या खुर्चीत बसवत आणि तो विचारेपर्यंत वाट बघत. नाहीच विचारलं तर खाकरत. "बी.ए. हाय आमची. हिस्टरी." आमच्या खानदानात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलं नव्हतं, अब्बा स्वतः शाळा अर्ध्यात टाकून बोटीवर गेलेले. माझ्या मैत्रिणींना वाटायचं, मला त्या चौकटीची लाज वाटत असेल. वाटत नव्हती. आजही वाटत नाही. ज्यांच्या घरात पणजोबांपासून पदव्या आहेत त्यांनी खुशाल त्या फायलीत ठेवाव्या.

घर एका मसाल्याच्या दुकानावर होतं. खिडकीतला एसी असा घरघरायचा की आम्ही सगळेच जरा वरच्या पट्टीत बोलायला शिकलो, आणि गावी गेलो की शेजारी विचारायचे, भांडण झालं काय. सकाळी खालून धण्याजिऱ्याचा वास वर यायचा, आणि गल्लीच्या तोंडाशी इराण्याच्या तंदुरावर खुबूसच्या रोट्या थापल्याचा आवाज. अम्मीला तो खुबूस कधी आवडला नाही. "बिनमिठाची गादी," म्हणायची, आणि बहरीनच्या त्या उकाड्यात तांदळाच्या भाकऱ्या बडवत बसायची. गावाहून येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या बॅगेत तिच्यासाठी सुका जवळा असायचा. विमानतळावर तो पकडला जाऊ नये म्हणून लोक तो कपड्यात गुंडाळत, आणि मग आठवडाभर तो माणूस कुठेही गेला तरी आमच्या गावचा आहे हे न सांगता कळे.

हसनचाचांकडे मात्र हा वास कधी आला नाही. ते अब्बांचे चुलतभाऊ, वयाने मोठे, अंगाने रुंद, आणि आवाज असा की ते बोलत असताना मधल्या फोनची गरज काय असा प्रश्न पडावा. एका बहरीनी व्यापाऱ्याच्या पेढीत ते मॅनेजर होते. गावचा जो कोणी बहरीनला उतरला तो त्यांच्यामुळे. कोणाचा व्हिसा, कोणाची ड्रायव्हरकी, कोणाच्या बायकोसाठी दवाखान्यात ओळख. अब्बांचा व्हिसाही त्यांनीच काढलेला. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. फक्त अब्बांना हाक मारताना "अरे" आणि "युसुफ" यांच्यामध्ये ते थोडे थांबत, आणि तेवढ्या जागेत ते सगळं येऊन बसे.

आमच्या गावची तिथे जमात होती. गावच्या मशिदीचं छप्पर, मदरशाच्या मास्तरांचा पगार, परदेशात कोणी वारला तर त्याला त्याच्या माणसांपर्यंत पोचवणं, हे सगळं जमात बघायची. चाचा अध्यक्ष आणि अब्बा सेक्रेटरी. म्हणजे धावपळ अब्बांची आणि हार चाचांच्या गळ्यात. वर्षातून एकदा, शुक्रवारी जुम्याच्या नमाजानंतर, हॉल घेऊन सभा भरे. पुढे पुरुष, मागे बायका, मधे दोरीवर फुलाफुलांच्या चादरी. मागच्या अंगणात बिर्याणीची देग दमाला लावलेली असे, आणि सभेच्या कामकाजात सगळ्यांत जास्त भाग तिचा वासच घेई. अहवाल वाचून झाला की चाचा उठत. "भावांनो, मी आता थकलो. माझा राजीनामा घ्या. कोणीतरी जवान माणूस बघा."

मग सगळे "नाय, नाय" म्हणत. तेवढ्याने चाचा ऐकत नसत. सगळ्यांच्या माना अब्बांकडे वळत. अब्बा उठत, टोपी नीट करत आणि घोगऱ्या आवाजात म्हणत, "हसनभाय, तुम्ही सोडून गेलात तर आमी पोरके." चाचा रुमाल काढत. "तुमच्या हट्टापुढं माझं काय चालतंय," म्हणत. शेवटच्या रांगेत कासीमबाबा बसलेले असत; त्यांना ऐकू येत नसे, पण देगीचं झाकण उघडल्याचा वास आला की ते मोठ्याने "आमीन" म्हणत, मग सगळे म्हणत, आणि निवडणूक पार पडे. चादरीमागे अम्मी शेजारणींना आधीच सांगून ठेवायची, "आता रुमाल निघंल. चला, ताटं पुसा." नव्याने लग्न होऊन आलेली एक मुलगी पहिल्या वर्षी घाबरून रडायलाच लागली होती, तिला वाटलं, कोणी गेलं.

माझी नोकरीही चाचांनीच लावलेली. अदलियामध्ये त्यांच्या पेढीचा एक व्हिला होता, त्यात मिस्टर वॉल्टर नावाचे म्हातारे अमेरिकन भाडेकरू राहत. बंदराच्या कुठल्याशा कामावर इंजिनिअर म्हणून आले आणि निवृत्त झाल्यावर तिथेच राहिले. तिकडची थंडी आणि बायको, दोन्ही त्यांना मानवत नसावीत. ते आपल्या आजोबांचं चरित्र लिहीत होते आणि त्यांना टायपिंगला कोणीतरी हवं होतं. चाचांनी मला नेऊन उभं केलं. "ग्रॅज्युएट हाय," ते म्हणाले, "पण दरवाजा उघडा राहील." दरवाजा उघडा राहिला. त्या व्हिलाच्या एसीने उन्हाळाभर अदलियाची अर्धी गल्ली थंड केली.

आजोबा म्हणजे गेल्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एका नदीकाठच्या शहराचे मेयर. आईबाप परदेशातून आलेले, पोरगा धक्क्यावर बोटींतला माल उतरवणारा, मग दारूच्या गुत्त्याचा मालक, मग वॉर्डाचा पुढारी आणि शेवटी मेयर, तोही एकदा होऊन न थांबलेला. हिवाळ्यात गरिबांच्या दारात कोळशाची गाडी पाठवायचे. कोणाचीही मयत असो, हॅट छातीशी धरून पहिल्या रांगेत. विधवेचा मुलगा पोलिसात लावून द्यायचे आणि तो मुलगा पुढे जन्मभर मेयरसाहेबांची भानगड दिसली की दुसरीकडे बघायचा. शहराला नळाचं पाणी त्यांनीच आणलं, आणि टाकीवर स्वतःचं नाव घातलं. ट्रामचे रूळ सरळ जाणार होते, ते मेहुण्याच्या जमिनीवरून वळले. मिस्टर वॉल्टर हे सगळं सांगत आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी "निःस्वार्थ लोकसेवक" असं घालायला लावत. मी निमूटपणे टाइप करी. पण तिसऱ्या-चौथ्या प्रकरणाला मला राहवेना.

"हा माणूस मला माहीत आहे," मी म्हणाले.

ते खूश झाले. "खरंच? कॉलेजात होता का तुम्हाला?"

"नाही. तुमचं भाडं न्यायला येतो."

ते एवढे हसले की चहा सांडला. त्या दिवसापासून आमची दोस्ती झाली, आणि कागदावर घालायच्या नसलेल्या गोष्टी ते मला सांगायला लागले. त्यातली एक मेयरसाहेबांच्या निवृत्तीची. दर निवडणुकीआधी मेयरसाहेब जाहीर करत, की आता पुरे, आता मी घरच्यांना वेळ देणार. त्या संध्याकाळी मशाली घेऊन, बँड वाजवत लोक त्यांच्या घरापुढे जमत. मेयरसाहेब सपाता घालून पडवीत येत आणि दचकत. "अरे, तुम्ही सगळे?" म्हणत. वास्तविक त्या सगळ्यांना पुरेल एवढं लिंबाचं सरबत बायकोने दुपारपासून करून ठेवलेलं असे. लोक आर्जवं करत, मेयरसाहेब विरघळत, बँड वाजे. शेवटच्या वेळी त्यांनी असंच जाहीर केलं. पडवीत कंदील लावले. सरबत झालं. आणि कोणी आलं नाही. लोकांचा राग नव्हता. दरवेळी लोक जमवणारे वॉर्डातले दोघेजण त्या दिवशी घराबाहेर पडले नाहीत, एवढंच. मशाली आपल्या पायांनी चालत येत नाहीत. मेयरसाहेब कंदील विझेपर्यंत पडवीत बसले. सकाळी बायकोने ते सरबत झाडांना घातलं. पुस्तकात मी टाइप केलं, "प्रकृतीच्या कारणास्तव त्यांनी स्वेच्छेने निवृत्ती पत्करली."

आता मीही निवृत्त आहे. मुख्याध्यापिका होते. शेवटच्या वर्षी मी स्टाफरूममध्ये म्हणाले, की मुदतवाढ मिळते म्हणतात, पण मला नको, आता तरुणांनी बघावं. आणि एवढं बोलून चष्मा पुसत बसले. कोणीतरी लगेच विचारलं, "मॅडम, निरोप समारंभाला बटाटेवडा ठेवायचा की ढोकळा?" मी ढोकळा म्हणाले.

तर मी मिस्टर वॉल्टरकडे टाइप करत होते त्याच सुमारास आमच्या गावचा एक वेल्डर जुफैरमध्ये बांधकामावर वारला. तरणा मुलगा, बायको गावी पोटुशी. अब्बांनी नोकरीवर बिनपगारी रजा टाकली. हॉस्पिटल, पोलीस, वकिलात, विमान कंपनी, प्रत्येक ठिकाणी "बुकरा", म्हणजे उद्या या. अब्बा उद्याही जात. त्यांच्याकडे गाडी नव्हती. टॅक्सी आणि पाय. मुलाला गुसल त्यांनीच दिला, शेवटची आंघोळ स्वतःच्या हातांनी घातली. विमानतळावर चाचा आले, पेटीवर हात ठेवून उभे राहिले, डोळे पुसले. तेही खोटं नव्हतं, हे मी सांगायलाच हवं. चाचा मनापासून रडत. काही दिवसांनी गावच्या मशिदीच्या इमामसाहेबांचा आभाराचा फोन आला, आणि तो आला आमच्या घरी, कारण चाचा जेवायला आमच्याकडे आले होते. अब्बांनी रिसीव्हर उचलला, "जी, जी," म्हणाले, आणि चाचांना दिला. माझ्या पदवीखाली बसून चाचांनी अख्ख्या गावाचे आभार स्वीकारले. "अहो, फर्ज हाय माझा. मी एकट्यानं कुठं, युसुफ होता ना मदतीला." अब्बा तेव्हा पाण्याचा ग्लास घेऊन त्यांच्या शेजारी उभे होते. चाचा गेल्यावर अम्मीने अब्बांचं ताट वाढलं. तळलेली सुरमई, त्यांच्या आवडीची. ती तशीच राहिली.

"कच्ची राहिली काय?" अम्मीने विचारलं.

"नाय. भूक नाय."

माझ्या बापाने अन्न टाकलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. बोटीवर उपास काढलेला माणूस तो, ताटातला काटासुद्धा चोखून ठेवायचा. ती सुरमई बघितली आणि मी ठरवलं, की अब्बांच्या गळ्यात एकदा तरी हार पडला पाहिजे.

सभेच्या आधी मी विषय काढला. "अब्बा, या वर्षी तुम्ही उठू नका."

"उठू नको मंजे?"

"चाचा राजीनामा देतील ना, तेव्हा. बसून राहा. काही बोलायचं नाही, काही करायचं नाही."

आणि मी त्यांना मेयरसाहेबांची गोष्ट सांगितली. सपातांपर्यंत अब्बा हसत होते. कंदील विझले तेव्हा हसायचे थांबले.

"शरबत झाडांना घातलान?"

"हो."

"चांगलं शरबत?"

"चांगलंच असणार."

अब्बा पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले, "पण मी ते बोलतो ते लोकांना आवडतं गो. गेल्या वर्षी तर दोघंजण रडले." त्या एका वाक्याच्या भाषणाचा त्यांना अभिमान होता, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी ते कळलं नाही असं दाखवलं. स्वयंपाकघरातून अम्मी म्हणाली, "डिग्री शहाणपणाची असते असं मना वाटलेलं. भांडणाची पण मिळते काय?"

सभेत आम्हा बायकांना चादरींखालून फक्त पाय दिसत. चपला, सँडल, आणि त्यात अब्बांचे पॉलिश केलेले काळे बूट. चाचांचा आवाज आला. "भावांनो, मी आता थकलो. माझा राजीनामा घ्या." "नाय, नाय" झालं. मग नुसती एसीची घरघर. सगळ्या चपलांची टोकं हळूहळू काळ्या बुटांकडे वळली. बुटाची एक टाच उचलली गेली. अम्मीने माझ्या दंडाला चिमटा काढला. टाच परत जमिनीला टेकली.

"राजीनामा देतोय मी," चाचा म्हणाले.

कोणीतरी खोकलं.

"खरोखरच देतोय."

बाहेर आचाऱ्याला वाटलं, एव्हाना झालंच असेल. त्याने झाकण उघडलं. वास आत आला, आणि शेवटच्या रांगेतून कासीमबाबांनी खणखणीत "आमीन" म्हटलं. सवयीने सगळी सभा "आमीन" म्हणाली. हात तोंडावरून फिरले. आणि मग सगळ्यांच्या ध्यानात आलं, की आपण काय मंजूर केलं.

पुढचा अध्यक्ष कोण, यावर चर्चा झालीच नाही. सगळ्यांना भूक लागली होती आणि कामं कोणाला माहीत आहेत हेही सगळ्यांना माहीत होतं. चाचांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढला आणि अब्बांच्या गळ्यात घातला. मला चादरीखालून ते दिसलं नाही, पण दोन बूट आणि दोन सँडल समोरासमोर आले आणि बराच वेळ हलले नाहीत. मग चाचांनी जेवताना बिर्याणी दुसऱ्यांदा मागून घेतली. मेयरसाहेबांना हे जमलं नव्हतं.

पुढचं वर्ष आमच्या घरात फोनचं होतं. कोणाचा पासपोर्ट मालक देत नाही, कोणाची बायको माहेरून येत नाही, कोणाच्या भाच्याला यायचंय आणि कोणाच्या मेहुण्याला परत पाठवायचंय. अम्मीचा चहा दिवसभर उकळत राहिला. पाहुणे पदवीसमोरच्या खुर्चीत बसत आणि पदवीकडे बघायचीही त्यांना फुरसत नसे. शिवाय चाचांकडे पेढी होती, गाडी होती, ओळखी होत्या. अब्बांकडे होता होकार. माणूस दारातून आत आला की ते "बघतो" म्हणत आणि मग जे बघायचं ते कोणाला सांगायचं हे विचारायला चाचांकडे जात. चाचा सगळं करून देत. आनंदाने देत. त्यांचं पोट कमी झालं, दर संध्याकाळी ते धक्क्यावर गळ टाकून बसायला लागले, आणि पकडलेली सफी मासळी पिशवीत घालून आमच्याकडे आणायचे. "काय अध्यक्ष," म्हणायचे, "दमलास?" मधेच कधीतरी चहा पिताना अब्बांनीच त्यांना मेयरसाहेबांची गोष्ट सांगून टाकली, भाबडेपणाने, मजेची म्हणून. चाचांनी शेवटपर्यंत ऐकली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "चांगलं शिक्षण हाय कॉलेजात."

सभा जवळ आली तेव्हा अब्बा मला म्हणाले, "मना सोडायचंय. मनापासून सांगतो. हौस फिटली." त्यांची झोप गेली होती, पोटात आग पडायची. नवा सेक्रेटरी हुशार मुलगा होता, तो सांभाळणार होता. "काय बोलू सांग," ते म्हणाले. मी बी.ए. झालेली, मी त्यांना साधं, स्पष्ट, दोन वाक्यांचं बोलणं करून दिलं. ते त्यांनी एसीसमोर उभं राहून पाठ केलं.

सभेत ते उठले आणि पाठ केलेलं सगळं विसरले. "भावांनो," ते म्हणाले, "मी आता थकलो. माझा राजीनामा घ्या."

दुसरे शब्दच नव्हते. आमच्या जमातीत राजीनामा म्हणजे हेच वाक्य, आणि त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. "नाय, नाय" सुरू झालं. सेक्रेटरीचे बूट हलायच्या आत पुढच्या रांगेतून दोन रुंद सँडल उठले.

"युसुफ," हसनचाचा म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा फाटला की माझ्या शेजारची बाई डोळ्याला पदर लावून बसली. "तू सोडून गेलास तर आमी पोरके!"

"हसनभाय, नाय, मी खरोखरच..."

"बघा! बघा रे! किती कमीपणा घेतो हा माणूस!"

"तसं नाय, माझी तब्येत..."

"तब्येतीची काळजी करणारे आमी हाव ना!"

हॉल टाळ्यांनी भरला. मी उठले. एक वाक्य मोठ्याने बोलायचं होतं, की त्यांना खरंच सोडायचंय. माझा आवाज चादरीपलीकडे सहज पोचला असता. अम्मीने ओढणीचं टोक धरून मला खाली बसवलं. "बस. तुझं एक शहाणपण अजून निस्तरतोय." चादरीखाली काळ्या बुटांची टोकं दरवाजाकडे वळलेली होती. मग झाकण उघडलं. आमीन.

जेवणं झाल्यावर चाचा चादरीजवळ आले. आत न बघता म्हणाले, "काय गो ग्रॅज्युएट, हायस का? त्या म्हाताऱ्याला सांग, त्याचा आजा सुटला. कोणी आलं नाय ते बरं झालं."

त्या आठवड्यात मी मिस्टर वॉल्टरना चाचांचा निरोप सांगितला. ते या वेळी हसले नाहीत. पण "स्वेच्छेने निवृत्ती" त्यांनी तशीच ठेवली.

अब्बा बहरीन सोडेपर्यंत अध्यक्ष राहिले. दर वर्षी राजीनामा देत, दर वर्षी खरा. त्या पहिल्या राजीनाम्याच्या शुक्रवारी आम्ही घरी आलो, त्यांनी हार काढून पदवीच्या चौकटीला अडकवला, कारण भिंतीला दुसरा खिळा नव्हता, आणि ते खुर्चीत बसले. अम्मीने शेगडीवर चहाचं आधण ठेवलं. मी विचारणार होते, कोणासाठी, एवढ्यात फोन वाजला. अब्बांनी तो थोडा वाजू दिला. मग पाठ ताठ केली, रिसीव्हर उचलला, पलीकडचं ऐकून घेतलं.

"अरे," ते म्हणाले, आणि नाव घेण्याआधी चाचांसारखे थोडे थांबले.